व्हिसाच्या कागदातून निघालेल्या गोष्टी: ऑस्ट्रेलियन कादंबऱ्यांमधलं स्थलांतर, सोप्या भाषेत

1934 सालची गोष्ट. एगॉन किश नावाचा प्रागचा एक पत्रकार आणि लेखक, ज्यू, डाव्या विचारांचा, हिटलरच्या विरोधात भाषणं द्यायला बोटीने ऑस्ट्रेलियाला निघाला. तिथल्या सरकारला तो नको होता. मेलबर्नला बोटीवरून उतरू देईनात तेव्हा पठ्ठ्याने सरळ धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. पुढे सिडनीला त्याची श्रुतलेखनाची परीक्षा झाली. होय, श्रुतलेखन, शाळेत बाई घ्यायच्या तेच. तेव्हाच्या कायद्यात असं होतं की अधिकाऱ्याने कुठल्याही युरोपियन भाषेतला 50 शब्दांचा उतारा वाचायचा, येणाऱ्याने तो लिहून दाखवायचा, नाही जमलं तर प्रवेश बंद. किशला युरोपातल्या बऱ्याच भाषा येत होत्या म्हणून त्याच्यासाठी भाषा निवडली स्कॉटिश गेलिक. त्याला ती येत नव्हती. पुढे हायकोर्टाने ठरवलं की कायद्याला अभिप्रेत असलेल्या युरोपियन भाषांमध्ये गेलिक बसत नाही, आणि तो सुटला. पण बाकीच्यांना असं कोर्ट मिळालं नाही. ही परीक्षा 1901 सालच्या कायद्याने आणली, 1909 नंतर ती एकही माणूस पास झाला नाही आणि 1958 पर्यंत ती कायद्यात होती. ती घेतली जायचीच मुळी नापास करायला, कारण 'गोरे सोडून कोणी नको' असं कायद्यात उघड लिहायचं नव्हतं.

आता कादंबऱ्यांबद्दल लिहिते म्हणून सांगून मी कायद्यात का शिरले? तर माझी मावसबहीण मेलबर्नला राहते. तिचा पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायचा परवाना, व्हायला पाच वर्षं लागली, आणि त्या पाच वर्षांत आमच्या घरी ऑस्ट्रेलिया म्हणजे क्रिकेट नव्हतं की कांगारू नव्हते, ऑस्ट्रेलिया म्हणजे व्हिसाचे पॉइंट्स किती झाले, पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेला किती पडले, अर्ज करायचा इन्व्हाइट आला का, मेडिकल झालं का, आणि मावशी रोज संध्याकाळी दिवा लावताना एकच गोष्ट मागायची. ग्रँट, म्हणजे मंजुरी, आल्यावर बहीण पहिल्यांदा भारतात आली तेव्हा बॅगेत आमच्यासाठी चॉकलेटं होती आणि माझ्यासाठी दोन पुस्तकं, म्हणाली, वाच, आमच्यावरच लिहिलंय सगळं. तेव्हापासून मी ही पुस्तकं शोधशोधून वाचतेय आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली, तीच या लेखात सांगायची आहे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक काळातले लोक वेगळ्या कागदावर आत आले, आणि ज्या कागदावर आले त्या कागदाने त्यांच्या गोष्टीचा आकार ठरवला. कोणाची गोष्ट तीन पिढ्यांची जाडजूड कादंबरी झाली, कोणाची फोनवरचे मेसेज झाली, कोणाची एका दिवसात संपली. आधी तो कागद बघितला की पुस्तक पटकन उलगडतं.

एक आकडा सांगून ठेवते म्हणजे हे सगळं किती मोठं आहे ते कळेल. 2021 च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियातली 27.6 टक्के माणसं दुसऱ्या देशात जन्मलेली होती, आणि निदान आई किंवा वडील बाहेर जन्मलेले असे धरले तर जवळजवळ निम्मा देश. बाहेर जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडच्या खालोखाल नंबर भारताचा, चीनला मागे टाकून. म्हणजे स्थलांतराचं साहित्य हे तिथे कोपऱ्यातलं वेगळं कपाट नाहीये, निम्म्या घरांची गोष्ट आहे ती.

दुसरं महायुद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती, कारखान्यांसाठी, धरणांसाठी, आणि 'एवढ्याशा लोकसंख्येत उद्या कोणी हल्ला केला तर' ही भीती होतीच. ब्रिटिशांना 10 पौंडांत बोटीचं तिकीट मिळायचं, अट एवढीच की दोन वर्षं राहायचं. युरोपातल्या छावण्यांमधून आणलेल्या निर्वासितांना दोन वर्षं सरकार सांगेल तिथे सांगेल ते काम करायचा करार होता, मग तुम्ही आपल्या देशात डॉक्टर असा नाहीतर वकील. व्हिक्टोरिया राज्यात बोनेगिला नावाच्या जागी मोठा कॅम्प होता, 1947 ते 1971 मध्ये 3 लाखांहून जास्त माणसं तिथून गेली. मग इटालियन आले, ग्रीक आले. हे लोक युरोपातलेच, कागदोपत्री 'चालणारे', तरी लसणाचा वास येतो म्हणून, मोठ्याने बोलतात म्हणून त्यांना 'वॉग' म्हणायचे, आणि हा शब्द शिवीसारखाच वापरला जायचा.

पण त्यांना एक गोष्ट मिळाली जी पुढच्यांना सहज मिळाली नाही. कायमचं राहायची परवानगी पहिल्या दिवसापासून. त्यामुळे त्यांनी घरं घेतली, मागे भाजीचा वाफा केला, पोरं शाळेत गेली, नातवंडं झाली, आणि म्हणूनच त्यांच्या गोष्टी कुटुंबाच्या गोष्टी आहेत. मेलिना मार्चेट्टाची 1992 ची 'लुकिंग फॉर अलिब्रांडी' घ्या, सिडनीतली 17 वर्षांची जोसी, स्कॉलरशिपवर श्रीमंत मुलींच्या कॅथलिक शाळेत शिकणारी, आई आणि आजी दोघी आपापली गुपितं धरून बसलेल्या. त्यात टोमॅटो डेचा प्रसंग आहे, वर्षातून एकदा सगळं खानदान अंगणात जमतं आणि वर्षभराचा टोमॅटो सॉस करून बाटल्यांत भरतं. जोसीला त्याची लाज वाटते, आपल्या शाळेतल्या कोणी बघू नये असं वाटतं. मी ते वाचताना मला आमच्या गच्चीवरचं उन्हाळी वाळवण आठवलं, साडीवर घातलेल्या कुरडया, राखणीला बसवलेली आम्ही मुलं, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीने बघू नये म्हणून पाण्याच्या टाकीमागे लपलेली मी. आपलं गाव न सोडताही ही लाज माणसाला येते, म्हणून मला हे पुस्तक परकं वाटलंच नाही.

ख्रिस्तोस त्सिओल्कसची 'द स्लॅप' 2008 ची, तिच्यात हे ग्रीक आता पैसेवाले झालेत. मेलबर्नमधल्या एका घराच्या अंगणात बार्बेक्यू चाललंय, यजमान ग्रीक वंशाचा, त्याची बायको भारतीय वंशाची, पाहुणे सगळ्या जातीधर्मांचे, आणि यजमानाचा चुलतभाऊ दुसऱ्याच कोणाच्यातरी लहान पोराला थोबाडीत मारतो. बास. तेवढ्या एका थोबाडीतून आठ माणसांच्या नजरेने कादंबरी फिरते, कोण कोणाच्या बाजूने, पोलिसांत जायचं की नाही, आपल्यात मुलांना मारतात 'त्यांच्यात' नाही मारत, सगळं बाहेर येतं. ज्यांना एकेकाळी कोणी घरात घेत नव्हतं त्यांच्या अंगणात आता गोरं जोडपं पाहुणं आहे, आणि पैसा, स्टेटस सगळं उलटंपालटं झालंय. यजमानाचे वडील मनोलिस यांच्यावरचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं, म्हातारा माणूस जुन्या मित्राच्या अंत्यविधीला जातो आणि तिथे त्याच्या तरुणपणातली सगळी माणसं पुन्हा भेटतात, म्हातारी होऊन. त्या पानांसाठी तरी हे पुस्तक वाचावं.

आणि मग फेलिसिटी कस्तान्याचं 'नो मोअर बोट्स', 2017 चं. हे मी सगळ्यांना आग्रहाने सांगते. काळ 2001 चा, जागा सिडनीजवळचं पॅरामॅटा. अँटोनिओ हा इटलीहून आलेला बांधकामावरचा माणूस, अपघातात जखमी होऊन कामावरून घरी बसलाय, बायको-मुलं आपापल्या नादात, आणि टीव्हीवर दिवसरात्र टॅम्पा. टॅम्पा काय ते सांगते. ऑगस्ट 2001 मध्ये बुडायला आलेल्या एका बोटीवरच्या 400 हून जास्त लोकांना, बहुतेक अफगाण, टॅम्पा नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने वाचवलं, आणि ऑस्ट्रेलियाने त्या जहाजाला आपल्या हद्दीत यायला मनाई केली, लष्कराचे जवान चढवले जहाजावर, आणि नंतर त्या लोकांतल्या बहुतेकांना नाउरू नावाच्या चिमुकल्या बेटावर पाठवलं. तर हा अँटोनिओ, जो स्वतः बोटीने आला, तो आपल्या घरापुढच्या काँक्रीटवर मोठ्या अक्षरांत रंगवतो, 'आता बोटी नकोत'. आपल्याकडे लोकलमध्ये रोज दिसतं हे, ठाण्याला प्लॅटफॉर्मवरून 'अरे आत सरका, जागा आहे' म्हणून ओरडणारा माणूस मुलुंड यायच्या आत दारात उभा राहून 'जागा नाही, मागून येतेय गाडी' सांगायला लागतो. पण लेखिका त्याला खलनायक करत नाही. कंबर मोडलेला, मित्र गमावलेला, आपण बांधलेल्या शहरात आपलं काहीच उरलं नाही असं वाटणारा माणूस आहे तो, आणि त्याचं दुखणं खरं आहे, फक्त त्याने बोट चुकीच्या माणसांकडे दाखवलंय.

हे समजलं की पुढची लाट समजते. गोऱ्यांपुरतं ऑस्ट्रेलिया हे धोरण 1966 पासून सैल होत गेलं आणि 1973 मध्ये व्हिटलम सरकारने ते संपवलं. त्यानंतर तीनच वर्षांत, एप्रिल 1976 मध्ये, व्हिएतनाममधून निघालेली पहिली छोटी बोट डार्विनला लागली. या लोकांच्या हातात कागदच नव्हता, मागे युद्ध आणि समोर समुद्र. त्यांच्या गोष्टींमध्ये टोमॅटो डेसारखं भरलेलं अंगण नसतं, तिथे बाप गप्प असतो आणि मुलगा त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसतो.

नाम ले हा लेखक व्हिएतनाममध्ये जन्मला आणि तान्हा असताना बोटीतून ऑस्ट्रेलियात आला. 2008 मध्ये त्याचा 'द बोट' हा कथासंग्रह आला, सात कथा. पहिल्या कथेत नाम नावाचाच एक तरुण अमेरिकेत लेखनाचा कोर्स करतोय, डेडलाइन डोक्यावर आहे, काही सुचत नाहीये, आणि मित्र म्हणतात, अरे व्हिएतनामवर लिही ना, तेच खपतं सध्या. त्याला ते पटत नाही, पण वेळ नसतो, आणि तेवढ्यात ऑस्ट्रेलियाहून वडील भेटायला येतात. वडील 14 वर्षांचे असताना माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या कत्तलीतून वाचलेले. मुलगा रात्र जागून वडिलांची गोष्ट टाइपरायटरवर लिहितो, एकच प्रत. सकाळी उठून बघतो तर वडीलही नाहीत आणि कागदही नाहीत. शोधत नदीकाठी जातो, कडाक्याची थंडी, एक बेघर माणूस पिंपात जाळ करून शेकत बसलेला, वडील त्याच्या शेजारी उभे, आणि गोष्ट त्या जाळात गेलेली.

हा प्रसंग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण स्थलांतराच्या साहित्यातली सगळ्यात मोठी अडचण त्याच्यात आहे. वडिलांचं दुःख हे वडिलांचं. मुलाला त्यातून करिअर करायचंय, वाईट हेतूने नाही, प्रेमानेच, तरीही. प्रकाशकाला 'तुमच्या लोकांची' गोष्ट हवीय आणि वाचकाला रडायला काहीतरी हवंय. मग ती गोष्ट सांगायचा हक्क नक्की कोणाला? नाम ले उत्तर असं देतो की पुढच्या पाच कथा तो कोलंबियातल्या पोरांवर, न्यूयॉर्कच्या चित्रकारावर, ऑस्ट्रेलियातल्या मासेमारीच्या गावावर, हिरोशिमातल्या मुलीवर, तेहरानवर लिहितो, जणू म्हणतो मी काहीही लिहू शकतो, मला एका खणात ठेवू नका, आणि अगदी शेवटची, सातवी कथा बोटीची. ती मात्र तो सोडत नाही. इंजिन बंद पडलेली बोट, पाणी संपलेलं, 16 वर्षांची माई एकटी, आणि दुसऱ्या एका बाईचं लहान पोर तिला चिकटलेलं. ती कथा मी एका बैठकीत वाचू शकले नाही, मध्ये उठून घरात दोन फेऱ्या मारून आले.

पुढे दरवाजा पुन्हा बंद व्हायला लागला. 1992 पासून व्हिसाशिवाय बोटीने आलेल्यांना सरसकट डांबायचा कायदा, 1999 मध्ये निर्वासित म्हणून मान्य झालं तरी तात्पुरताच व्हिसा, मग टॅम्पा, आणि जुलै 2013 मध्ये सरकारने जाहीर केलं की यापुढे बोटीने येणारा एकही माणूस ऑस्ट्रेलियात कधीच वसवला जाणार नाही. त्यानंतर काही दिवसांतच ख्रिसमस आयलंड या ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या बेटावर पोचलेल्या लोकांमध्ये बेहरूझ बूचानी नावाचा इराणमधला कुर्द पत्रकार होता. त्याला पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावरच्या छावणीत पाठवलं. काही दिवसांच्या उशिरामुळे सहा वर्षं गेली त्याची.

तिथे तो लिहायला लागला. कागदावर लिहिलं तर झडतीत जप्त होईल म्हणून चोरून मिळवलेल्या मोबाइलवर, फारसीत, तुकड्या-तुकड्याने, आणि ते तुकडे व्हॉट्सअ‍ॅपवर बाहेर पाठवायचे. एकदा फोन जप्त झाला, दुसरा मिळवला. बाहेर ते मेसेज जुळवून ओमिद तोफिगियान यांनी इंग्रजीत आणले आणि 2018 मध्ये 'नो फ्रेंड बट द माउंटन्स' हे पुस्तक झालं. याला कादंबरी म्हणायचं का, आत्मकथन म्हणायचं, यावर बरीच चर्चा झाली, कारण मधेच कविता येते, माणसांना खरी नावं नाहीत. पण मला विचाराल तर तो प्रश्न पहिला नाही, पहिला प्रश्न असा की हे असं तुकड्यांचं का आहे. फोनच्या स्क्रीनवर मावेल एवढंच एका वेळी लिहिता येत होतं आणि पुढचा मेसेज पाठवेपर्यंत फोन हातात राहील याची खात्री नव्हती, म्हणून. पुस्तकात सगळ्यात जास्त काय आहे तर रांगा. जेवणाची रांग, सिगरेटची रांग, टॉयलेटची, फोनची. एक माणूस रोज जेवणाच्या रांगेत पहिला असतो, त्याचं नाव सगळ्यांनी 'गाय' पाडलंय. भूक आणि कंटाळा दोन्ही वापरून माणसाला माणसाशी कसं भांडायला लावतात हे तो इतकं बारकाईने दाखवतो की वाचताना आपल्याही मानेवर ऊन लागतं. जानेवारी 2019 मध्ये या पुस्तकाला व्हिक्टोरिया राज्याचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार मिळाला, 1 लाख डॉलर. ज्या देशात त्याला पाऊल टाकू दिलं नाही त्या देशाचा. नियमाप्रमाणे पुरस्कार नागरिकांना किंवा कायम रहिवाशांनाच होता, त्याच्यासाठी अपवाद केला, आणि त्याने मानुसवरूनच व्हिडिओतून भाषण केलं. त्या वर्षाच्या शेवटी तो न्यूझीलंडला गेला आणि पुढे तिथेच त्याला आसरा मिळाला.

पुरस्कारांवरून आठवलं, साहित्याचीही आपली एक सीमा असते. ऑस्ट्रेलियातला सगळ्यात मानाचा कादंबरी पुरस्कार म्हणजे माइल्स फ्रँकलिन, 1957 पासूनचा. ज्या लेखिकेच्या इच्छापत्रातून तो सुरू झाला तिने अट घातली की पुस्तकात ऑस्ट्रेलियन जीवन दिसलं पाहिजे, कुठल्याही टप्प्यावरचं. ऐकायला साधी अट. पण अर्धी गोष्ट कोलंबोत आणि अर्धी सिडनीत घडली तर ते ऑस्ट्रेलियन जीवन आहे का? 1994 मध्ये एक कादंबरी तिची गोष्ट जिनिव्हात घडते म्हणून शर्यतीतूनच काढली होती. आणि पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, हेलन डेमिडेंको नावाच्या तरुणीला युक्रेनियन कुटुंबावरच्या कादंबरीसाठी हाच पुरस्कार मिळाला, ती स्वतःला युक्रेनियन वंशाची सांगायची, आणि महिन्या-दोन महिन्यांत बाहेर आलं की ती खरी हेलन डार्विल, इंग्लंडहून आलेल्या आईवडिलांची मुलगी. तिथल्या वाचकांना हा धक्का बरीच वर्षं पुरला. स्थलांतरिताचा 'खरा आवाज' हवा म्हणून सगळे इतके आतुर झाले होते की तो आवाज कोणाचा हे कोणी तपासलंच नाही.

त्यानंतर बदल झाला, हळूहळू. मिशेल डी क्रेट्सर, कोलंबोत जन्मलेली, 14 व्या वर्षी ऑस्ट्रेलियात आलेली, तिला 2013 मध्ये 'क्वेश्चन्स ऑफ ट्रॅव्हल'साठी हा पुरस्कार मिळाला आणि 2018 मध्ये आणखी एकदा दुसऱ्या पुस्तकासाठी. 'क्वेश्चन्स ऑफ ट्रॅव्हल'मध्ये दोन माणसं आलटूनपालटून येतात, सिडनीची लॉरा, जी हौसेने जग फिरते, आणि श्रीलंकेचा रवी, ज्याच्या बायको-मुलाची हत्या होते आणि जीव वाचवायला त्याला देश सोडावा लागतो. विमान तेच, आकाश तेच, एकीला खिडकीची सीट हवी असते आणि दुसऱ्याला फक्त परत पाठवू नका एवढंच. प्रवास या एका शब्दात किती वेगवेगळ्या गोष्टी आपण कोंबतो ते तिथे कळतं. याच लेखिकेचं 2021 चं 'स्केअरी मॉन्स्टर्स' तर हातात घेतल्यावरच गोंधळायला होतं, पुस्तकाला दोन्हीकडून मुखपृष्ठ, अर्धं वाचून झालं की पुस्तक उलटं करून दुसरीकडून सुरू करायचं. कुठून सुरू करायचं ते वाचकाने ठरवायचं. देश सोडला की आयुष्य असंच उलटं होतं, आणि लेखिकेने ते वाक्यात सांगण्याऐवजी तुमच्या हातालाच करायला लावलंय.

शंकरी चंद्रनचं उदाहरण तर फार बोलकं आहे. श्रीलंकन तमिळ कुटुंबातली ऑस्ट्रेलियन लेखिका. तिची पहिली कादंबरी तिथल्या प्रकाशकांनी 'पुरेशी ऑस्ट्रेलियन नाही' म्हणून नाकारली असं तिने स्वतः सांगितलंय, ती आधी श्रीलंकेत छापली गेली. मग तिने 'चाय टाइम अ‍ॅट सिनेमन गार्डन्स' लिहिली, सिडनीच्या पश्चिमेकडच्या उपनगरातल्या एका वृद्धाश्रमाची गोष्ट, जिथे म्हाताऱ्या लोकांच्या ताटात त्यांच्या ओळखीचं जेवण असतं, आणि कॅप्टन कुकचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ब्रिटनचा हक्क सांगणाऱ्या दर्यावर्दीचा, एक पुतळा हलवल्यावरून सगळं गाव पेटतं. तिला 2023 चा माइल्स फ्रँकलिन मिळाला. पुरेशी ऑस्ट्रेलियन, आता.

आता आपल्या जवळची लाट, स्टुडंट व्हिसा आणि पीआरची. इथे कागद एकदाच मिळत नाही, तो सारखा बदलत राहतो. आधी कोर्सचा व्हिसा, त्यात आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही अशी बरीच वर्षं अट होती, मग शिक्षणानंतरचा तात्पुरता, मग पॉइंट्स, वयाचे वेगळे, इंग्रजीचे वेगळे, नोकरीचे वेगळे, नुसता अर्ज करायलाच निदान 65 हवेत आणि तेवढ्यात भागत नाही. आयुष्य असं हप्त्याहप्त्याने मंजूर होतं. म्हणूनच असेल, या लाटेतलं माझं आवडतं पुस्तक कादंबरी नाहीये, कथासंग्रह आहे.

रोआना गोन्साल्विस मुंबईत वाढली, 1998 मध्ये विद्यार्थी म्हणून सिडनीला गेली. 2016 मध्ये आलेल्या तिच्या संग्रहाचं नावच 'द परमनंट रेसिडेंट', भारतात तो 'सुनीता डिसूझा गोज टू सिडनी' या नावाने निघाला. मावसबहिणीने आणलेल्या दोन पुस्तकांतलं एक हेच. यातली माणसं म्हणजे बहुतेक मुंबईची, गोव्याची कॅथलिक मंडळी, वांद्र्याच्या गल्ल्यांतून उठून थेट सिडनीच्या लोकल ट्रेनमध्ये बसलेली. एका कथेत रेस्टॉरंटमधली रात्रीची शिफ्ट संपवून दोघं ट्रेनने घरी निघतात आणि त्यातल्या एकाला मारहाण होते, 2009 च्या सुमाराला मेलबर्नमधल्या भारतीय विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या आपल्याकडच्या पेपरांत रोज होत्या, ते दिवस आठवतात. पण मला जास्त लागली ती 'द स्किट'. आपलीच मंडळी एका घरी जमलीत, एक बाई स्वतः लिहिलेली नाटिका वाचून दाखवते, विषय नाजूक, आणि प्रत्येक जण काहीतरी बदल सुचवतो, हे काढ, ते नको, इथल्या लोकांना काय वाटेल. कोणी वाईट नाहीये त्यांच्यात. पण ज्याचा पीआर अजून व्हायचाय तो माणूस खरं बोलायच्या आधी तीनदा विचार करतो, आणि ज्याचा झालाय त्याला ती सवय सोडवत नाही. माझी बहीण म्हणाली, ही कथा वाचून मी रात्रभर जागी होते गं, कारण मीही तसंच केलंय. ऑफिसात तिच्या डब्याच्या वासावरून कोणीतरी बोललं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती सँडविच न्यायला लागली होती. आम्हाला हे तिने तेव्हा सांगितलंच नव्हतं.

आणि ज्याचा व्हिसाच संपलाय त्याचं काय? अरविंद अडिगा, ज्यांना 2008 चं बुकर मिळालं, ते स्वतः शाळेच्या वयात काही वर्षं सिडनीत होते. त्यांची 2020 ची 'अ‍ॅम्नेस्टी' डॅनीची गोष्ट सांगते, खरं नाव धनंजय राजरत्नम, श्रीलंकेतला तमिळ, विद्यार्थी म्हणून आला, कोर्स सोडला, व्हिसा गेला, आता चार वर्षं लपून राहतोय, किराणा दुकानाच्या स्टोअररूममध्ये झोपतो आणि पाठीवर व्हॅक्यूम क्लिनर बांधून लोकांची घरं साफ करतो. इथलाच वाटावा म्हणून केसांना सोनेरी रंग लावलाय, उच्चार घोटून घोटून बदललेत. एका सकाळी कळतं की ज्या बाईचं घर तो साफ करायचा तिचा खून झालाय आणि खुनी कोण असावा हे त्याला ठाऊक आहे. पोलिसांना फोन केला तर स्वतःच पकडला जाणार, देशाबाहेर जाणार. नाही केला तर खुनी सुटणार. अख्खी कादंबरी त्या एका दिवसाची, मधे मधे घड्याळातली वेळ छापलेली. कागद नसलेल्या माणसाजवळ तीन पिढ्यांची गोष्ट असूच शकत नाही, त्याच्याजवळ आजचा दिवस असतो, संध्याकाळपर्यंत. मला ही कादंबरी मधे थोडी ताणलेली वाटली हे खरं, पण शहराकडे बघायची त्याची नजर सुटत नाही डोक्यातून, कुठे कॅमेरा आहे, कुठल्या गल्लीत पोलीस नसतो, कोण आपल्याकडे जरा जास्त वेळ बघतंय.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर चित्र खोटं होईल. हे सगळे, ब्रिटिशांसकट, बाहेरूनच आलेले. 26 जानेवारी 1788 ला पहिली ब्रिटिश वसाहत झाली तेव्हा तिथे आदिवासी लोक हजारो पिढ्यांपासून राहत होते, आणि जमीन कोणाचीच नव्हती हे कायद्याचं म्हणणं चुकीचं आहे हे कोर्टाने मान्य करायला 1992 चा माबो खटला यावा लागला. म्हणजे दारात उभं राहून 'तुझा कागद दाखव' म्हणणाऱ्याने स्वतः कोणाला कागद दाखवला होता? क्लेअर जी. कोलमन या नूंगार आदिवासी समाजातल्या लेखिकेची 2017 ची 'टेरा नलियस' (म्हणजे 'कोणाचीच नसलेली जमीन') वाचताना आधी वाटतं की ही वसाहतीच्या काळातली जुनी गोष्ट आहे, पळून जाणारा आदिवासी मुलगा, मिशनच्या शाळा, क्रूर अधिकारी, आणि निम्म्यावर गेल्यावर पायाखालची जमीन सरकते. पुढचं सांगत नाही, स्वतः वाचा.

ज्यांना इंग्रजी कादंबरी वाचायचा कंटाळा येतो किंवा भीती वाटते त्यांनी शॉन टॅनच्या 'द अरायव्हल'पासून सुरुवात करावी, 2006 चं पुस्तक. त्याचे वडील मलेशियातून पर्थला आलेले. या पुस्तकात एकही शब्द नाही, फक्त पेन्सिलची चित्रं, जुन्या पिवळ्या पडलेल्या फोटोंसारखी. एक माणूस बायको आणि मुलीला मागे ठेवून बोटीने अनोळखी शहरात जातो. उतरल्यावर तपासणी होते, कोटावर चिठ्ठ्या टोचतात, त्याच्या समोर कागद धरतात, आणि त्या कागदावरची, पाट्यांवरची, दुकानांवरची सगळी लिपी शॉन टॅनने स्वतः बनवलेली आहे, रोमन अक्षरं कापून, तुकडे वेगळेच जोडून. त्या माणसाला ती वाचता येत नाही आणि आपल्यालाही येत नाही. खोली हवी, भाकरी हवी, तर तो वहीत चित्र काढून दाखवतो. त्याला भिंतीवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं आणि तो सगळी पोस्टरं उलटी चिकटवतो, कारण वरची बाजू कुठली हे त्याला कळणार कसं. मी ते पान बराच वेळ बघत बसले होते, पुस्तक फिरवून फिरवून, मलाही कळत नव्हतं. पुढे त्याची बायको आणि मुलगी येतात. शेवटच्या चित्रात ती मुलगी रस्त्यावर उभी आहे, समोर हातात बॅग आणि नकाशा घेऊन गोंधळलेली एक नवी बाई, आणि मुलगी तिला हात लांब करून रस्ता दाखवतेय.